अध्यक्षांनी स्वतः तपासलेलं पत्रक

खुर्चीवरून उठताना तुम्ही कॉम्प्युटरची स्क्रीन लॉक करता का? मी करत नसे. तत्त्व म्हणून!

विंडोजची खूण असलेली कळ आणि एल, दोन्ही एकदम दाबल्या की स्क्रीन लॉक होते, हे ऑफिसात मला चारदा शिकवलं होतं. "जनतेपासून लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही," असं मीही चारदा सुनावलं होतं. (मी घरून काम करते. जनता म्हणजे आई. तिला माझ्या कॉम्प्युटरवर फक्त धूळ दिसते.)

त्या आठवड्यात आईचं मोठं काम अडलं होतं. म्हैसूरच्या आमच्या मराठी समाजात वीस वर्षं तिने प्रत्येक कार्यक्रमाचा स्वयंपाक सांभाळला, पण कार्यकारिणीत आजवर एकही बाई नाही. रविवारच्या सभेत तिचं नाव अध्यक्षांनी सुचवायचं होतं. अध्यक्ष म्हणजे माझे सख्खे काका. ते निम्मे वळले होते.

"उरलेले निम्मे मी वळवते. तू तोंड उघडू नकोस!" आईने बजावलं.

मी तोंड उघडलं नाही. पत्रक लिहिलं. 'बायकांना चुलीशी डांबणारा हुकूमशहा!' खाली अध्यक्षांचे अकरा गुन्हे. वाटणार नव्हतेच हो, नुसता राग उतरवला!

शनिवारी सकाळी काका सभेची विषयपत्रिका तपासायला सरस्वतीपुरमला आमच्या घरी आले. आई देवळात गेलेली, घरात दूध नाही. "काका, कॉम्प्युटरवर आहे, आल्यावर दाखवते. आधी दूध आणते," म्हणत मी उठले. दोन कळा? छे! कोपऱ्यावरच्या दुकानात प्लास्टिकच्या पिशवीविरुद्ध दहा मिनिटं भाषण केलं आणि विजयी मुद्रेने परतले.

काका चपला घालत होते.

"झालं ग काम. आठ चुका होत्या. शाळेत काय शिकलीस?"

"कॉफी तरी..."

"बेड, बेड," काकांनी कानडीत नकार दिला. "नको आता. तुझ्याच प्रिंटरवर पन्नास प्रती काढल्यात, जाता जाता घरोघरी टाकतो."

त्यांची स्कूटर गेली. मी स्क्रीनकडे पाहिलं. समोर हुकूमशहा होता. विषयपत्रिका त्याच्यामागे उघडी होती!

आमचे आजोबा कापडावर छापायचे, काका कागदावर. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस अक्षरं वाचतो, अर्थ नाही. स्वतःच्याच अकरा गुन्ह्यांतल्या वेलांट्या त्यांनी नीट करून दिल्या होत्या!

मीही स्कूटर काढली. तिसऱ्या गल्लीत त्यांना गाठलं, तेव्हा त्यांची पत्रकांची पिशवी रिकामी होती. तेवढ्यात आईचा फोन.

"देवळात मला एक कागद मिळालाय."

"आई, ऐक ना..."

"अय्यो, मूदेवी! अवदसे, घरी ये तू!"

रविवारी सभागृह कधी नव्हे ते भरलं. आई पहिल्या रांगेत, माझ्याकडे पाठ करून. काका उठले. हातात पत्रक.

"हे मी काल तपासलं," ते म्हणाले. "आज वाचलं."

हशा! मी खुर्चीखाली जागा शोधू लागले.

"अकरांतले नऊ गुन्हे खोटे. दोन खरे आहेत. त्यातला एक आत्ताच मिटवतो. वहिनींचं नाव मी सुचवतो!"

टाळ्या! क्रांती माझ्या पत्रकाने झाली असं समजून मी अभिवादन स्वीकारायला उभी राहिले. आई माइकपाशी पोचली.

"माझा पहिला ठराव. ही मुलगी जे लिहील, ते काकांनी अर्थासकट वाचल्याशिवाय बाहेर जाणार नाही!"

ठराव एकमताने मंजूर झाला. (हात मीही वर केला. बहुमताचा आदर, हेही तत्त्वच!) हा लेखसुद्धा काकांनी दोनदा वाचून सोडलाय.

मी तर हल्ली बंद कॉम्प्युटरवरही त्या कळा दाबते. म्हणून हात जोडून सांगते, तुमच्या मनात कितीही क्रांती उसळत असो, उठण्याआधी विंडोज आणि एल दाबा. घरात कोणी निवृत्त प्रूफवाले असतील, तर दोनदा दाबा!