पाणी टाकायचं, समुद्र नाही

नरसय्याकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच घरात, त्यांच्याच काचेच्या टाकीसमोर उभी होते. हातात प्लास्टिकचा मग, मगात फिल्टरचं पाणी. फोन त्यांच्या मुलाचा, गिरीशदादाचा होता, दवाखान्यातून. "बाबा गेले. आई माझ्याजवळ आहे," एवढंच तो म्हणाला. मी "हो" म्हटलं. फोन ठेवल्यावर मगातलं उरलेलं पाणी हळूहळू टाकीत सोडलं आणि मगच दाराला कुलूप लावलं. दीड महिना झाला. आधी पळत जायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही...

काका आमच्या चादरींच्या गावात, भवानी पेठेत, आमच्या समोरच राहायचे. उभं आयुष्य सुताला रंग देण्यात गेलेलं, त्यामुळे नखांच्या कडा कायम निळसर. समुद्री माशांची ती टाकी मूळ गिरीशदादाची. पुण्यात त्याच्या घरी बाळ आलं, बघायला वेळ होईना, म्हणून त्याने ती वडिलांकडे आणून ठेवली. दोन नारिंगी-पांढरे मासे, थोडी प्रवाळं आणि फुलासारखं दिसणारं पण खरं तर प्राणी असलेलं एक समुद्रफूल. गल्लीतले लोक बघायला यायचे. "काका, कालवण बरं होईल का ह्यांचं?" असं कुणी विचारलं की काका शांतपणे म्हणायचे, "आदी माजं हुईल, मग त्यांचं." उन्हाळ्यात टाकी तापू नये म्हणून तिच्यावर टेबलफॅन लावलेला असायचा. काकांच्या पत्नी, अक्का, पदराने वारा घेत म्हणायच्या, "माणसाला घाम, माशाला फॅन. पुढच्या जन्मी मासाच होते मी."

पुण्याहून बादलीतून येणारं खास मीठ काका फिल्टरच्या पाण्यात कालवायचे. त्या कालवलेल्या पाण्याला ते "समुद्र" म्हणायचे. नुसतं गोडं पाणी असेल तर ते "पाणी". टाकीत काहीही ओतायच्या आधी ते मोठ्याने सांगायचे, "समुद्र टाकतोय" किंवा "पाणी टाकतोय", आणि स्वयंपाकघरातून अक्का "हां" म्हणायच्या. ही रंगखात्यातली सवय. तिथे हौदात काही ओतायचं तर आधी ओरडून सांगायचं आणि दुसऱ्या माणसाने ओ द्यायची, म्हणजे चुकीचं ओतलं जात नाही.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. वडील चादरीच्या मागावर आहेत. प्राणिशास्त्राच्या वहीत मी समुद्रफुलाची आकृती नावं देऊन काढली होती, पण ते खाताना पहिल्यांदा पाहिलं काकांकडे. वर्गात मी प्रश्न विचारत नाही. हिला एवढंही माहीत नाही, असं होईल याची भीती वाटते. टाकीतल्या पाण्याचा खारटपणा दाखवणारी काचेची तरंगती काडी मला वाचता येत नव्हती. तेही मी काकांना कधी बोलले नाही.

एप्रिलमध्ये काकांना दवाखान्यात ठेवलं. अक्का तिकडेच असायच्या, किल्ली माझ्याकडे. काकांनी फोनवर सांगितलं, "काचंवर खूण हाय, खाली गेलं की पाणी टाक." मी विचार केला, टाकीत समुद्र आहे, तर भर समुद्राचीच घालायला हवी. समुद्रात गोडं पाणी कोण घालतं? विचारायला हवं होतं. नाही विचारलं. आठवडाभर रोज मीठ कालवून खुणेपर्यंत समुद्र भरत राहिले. प्रवाळं मिटली, मग समुद्रफूल आक्रसून मुठीएवढं झालं. दवाखान्यात गेले की मी सांगायची, "सगळं मस्त आहे, काका."

एक दिवस त्यांनी विचारलं, "मिठाची बादली कितपत उरलीय?" मी खरं ते सांगितलं, तळाला गेलीय. ते माझ्याकडे बघत राहिले. मला रडूच आलं.

"आगं पोरी, उन्हानं समुद्र उडतोय व्हय? पाणी उडतंय. मीठ तितंच बसतंय की."

मग प्रवाळं मिटलीत, समुद्रफूल आक्रसलंय, हेही मी सांगून टाकलं.

"डॉक्टरनं माजं मीठ बंद केलंय, आन् तू माशांचं वाडवलंस." अक्का हसल्या, काकाही हसले. मग त्यांनी उपाय सांगितला. रोज एक मग टाकीतलं काढायचं, तेवढंच गोडं पाणी टाकायचं. एका दिवसात सगळं करायचं नाही. "रंगात मीठ एकदम पडलं की सुतावर पट्टं येतात. घालायचं बी हळू, काडायचं बी हळू." मी निघाले तेव्हा म्हणाले, "चुकलीस त्याचं काय न्हाय. विचारलं न्हाईस, त्याचं लई वाटलं."

नवव्या सकाळी समुद्रफूल उघडलं. पूर्ण नाही, पण टोकं बाहेर आली होती आणि मोठा मासा त्यांत अंग घासत होता. संध्याकाळी भेटीच्या वेळेत सांगायचं, असं मी ठरवलं. फोटोही काढला होता. मग फोन आला...

गिरीशदादा टाकी पुण्यातल्या एका दुकानाला देणार होता. अक्का म्हणाल्या, "राहू दे. पोरगी येते की." गेल्या आठवड्यात मी ती काडी कॉलेजला नेली आणि सगळ्या वर्गासमोर सरांना विचारलं, ही कशी वाचायची. मागून कुणीतरी हसलं. सरांनी दाखवलं.

आता मी रोज सकाळी जाते. काचेवर काकांनी सुताच्या गठ्ठ्यांवर नंबर टाकायच्या निळ्या पेन्सिलने ओढलेली रेघ आहे, ती पुसू नये म्हणून काच त्या बाजूने पुसत नाही. पाण्याचा मग भरून मी मोठ्याने सांगते, "पाणी टाकतेय." सुरुवातीला आतून काहीच यायचं नाही. अक्कांच्या हातातलं भांडं मात्र थांबायचं. मीही थोडं थांबून मग ओतायची. परवा नेहमीसारखं सांगितलं आणि हातातला मग तिरका करणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

"हां."