बगळी आणि बाकीची पडलेली विमानं

विमान पडलं की दोन गोष्टी उरतात: थर्माकोलचा चुरा आणि एक किस्सा. चुरा आम्ही नेमाने गोळा करतो, कारण तिथे भरतीचं पाणी येतं आणि अनंतकाका कुणाला कचरा टाकू देत नाहीत. किस्से मात्र साठत गेले. आता विमानं कमी आणि किस्से जास्त अशी परिस्थिती आहे. घरी पाहुणे आले की माझा नवराच पिन मारतो, "हिला ते चिखलातलं विचारा," आणि मग पोहे गार होतात.

आमचा कंपू चौघांचा. अनंतकाका रोह्याचे. एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटला होते, आता रिटायर्ड. सलीमचं रोह्यातच मोटर रिवाइंडिंगचं दुकान. दिलीपचा पेणला गणपतीचा कारखाना. आणि मी पेणची दातांची डॉक्टर. रविवारी सकाळी आम्ही धरमतरच्या बाजूला एका बंद पडलेल्या मिठागरात रिमोटची विमानं उडवतो. मालकाची परवानगी आहे, जवळ वस्ती नाही, विजेच्या तारा नाहीत. ओरडायला फक्त टिटव्या.

*

काका माझ्याकडे पहिल्यांदा आले ते दाढ घेऊन. खुर्चीत झोपवलं, तोंड उघडलं, मी ड्रिल सुरू केलं. त्यांनी लगेच हात वर केला. दुखलं की हात वर करा, असं मी सगळ्याच पेशंटना सांगते. मी थांबले.

"ह्याचा स्पीड किती?" काकांनी तोंडात कापूस असतानाच विचारलं.

मी सांगितला. मिनिटाला लाखाच्या वर फेरे असतात. काका विचारात पडले. पुढे दाढ पोखरून होईपर्यंत त्यांनी हूं की चूं केलं नाही. शेवटी चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "एवढ्याशा दांडीत एवढं फिरतं, आणि तुम्ही रोज नुसती दाताला भोकं पाडता?"

पुढच्याच रविवारी, त्यांनी बोलावलं म्हणून, मी मिठागरात हजर.

विमानात मी खूपदा बसले आहे, आणि बसले की झोपते. त्या दिवशी काकांनी थर्माकोलचं एक विमान जमिनीवर ठेवलं. टीव्हीच्या खोक्यातून निघतो ना, तसलाच थर्माकोल. ते पळत गेलं, दोनदा उसळलं आणि मग त्याने जमीन सोडली. चाकाखाली ऊन दिसलं. बस, एवढंच झालं. पण माझ्या अंगावर काटा आला. ज्या वस्तूला घरी जागा नाही म्हणून आपण फेकून देतो, ती आपल्या डोळ्यांदेखत आभाळात जाऊन वळते आणि परत येते, हे मला अजून पुरतं पटलेलं नाही.

*

विमान आपल्यापासून लांब जात असेल तोवर सगळं सोपं. ते तोंड फिरवून आपल्याकडे यायला लागलं की त्याची उजवी ती आपली डावी. नवा माणूस इथेच फसतो. सलीम म्हणाला, "काका, मी टेम्पो आरशात बघून गल्लीतनं रिव्हर्स काढतो. मला नका शिकवू." आणि त्याने पहिल्याच परतीला विमान सरळ बांधावर आणून घातलं.

काका म्हणाले, "आरशात बघूनच घातलास काय रे बांधात?"

त्या दिवसापासून काकांनी नियम केला. जो उडवतो त्याला मागून कुणीही, कधीही विचारायचं, "कुठे?" त्याने तत्क्षणी सांगायचं, विमान कुठल्या अंगाला झुकलंय: डावी की उजवी. अडखळला, तर ज्याला उत्तर येतं त्याच्या हातात रिमोट द्यायचा. वाद नाही, वय नाही, विमान कुणाचं तेही नाही. "विमान खेळण्यातलं असंल," काका म्हणायचे, "पण डोक्यात बसला तर डोका खराच फुटतो."

सलीमने ते इतकं मनावर घेतलं की झोपेतही घोकायचा. एकदा त्याला घरून फोन आला. बायकोने नेहमीसारखं विचारलं, "कुठे?"

"उजवी," सलीम म्हणाला.

"कोण उजवी?" बायको म्हणाली. ते प्रकरण मिटवायला मला त्यांच्या घरी जावं लागलं.

*

एकदा दिलीपचं विमान खाडीच्या चिखलात पडलं. ओहोटी होती. आम्ही काठावर उभे. चिखल असा की पाय घातला की चप्पल त्याची. तिथे पार्वतीबाय नावाची एक बाई निवट्या धरायला येते, लांबोडकी मासळी असते ती. ती म्हणाली, "थांबा, मी आनते." पाटी घेऊन निघाली आणि त्या चिखलात अशी चालत गेली की तशी आम्ही रस्त्यावरही चालत नाही.

बऱ्याच वेळाने आली. विमान पाटीत, स्वच्छ धुतलेलं. दिलीपच्या हातात देत म्हणाली, "घे तुझा म्हावरा. साफ करूनशी आनलाय."

दिलीपने विमान उलटं केलं. पोट रिकामं. बॅटरी नाही, रिसीव्हर नाही, काही नाही.

"आतला कुठंय गो बाय?"

"टाकला तिकडं. नुसत्या वायरी व्हत्या पोटात."

मग सलीम लुंगी खोचून उतरला. बॅटरी पाण्यात सोडून चालत नाही, काका तर अजिबात सोडू देत नाहीत. सलीम मांडीपर्यंत रुतला. बॅटरी मिळाली, पण सलीमला काढायलाही पार्वतीबायच लागली. बाहेर आल्यावर तिने त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "ह्याला कोन साफ करील?"

*

कुणीतरी पोलिसांना कळवलं की मिठागरात ड्रोन उडतायत. एक हवालदार बाइकवरून आले. "कॅमेरा कुठाय?" म्हणून विमान खालीवर करून बघितलं. नव्हताच. काकांना श्रोता मिळाला. चुन्याची रेषा दाखवली, माणसं कायम तिच्या मागे. आधी रिमोट चालू करायचा, मग बॅटरी जोडायची, आणि बॅटरी जोडली की पंख्यापुढे बोट न्यायचं नाही. मग मोटर चालवून मुद्दाम रिमोट बंद केला. मोटर आपोआप थांबली. "सिग्नल तुटला तर हा विमान भटकत नाय, खाली बसतो."

हवालदार वाकून चुना बघत होते. तेवढ्यात एक गुराखी म्हशी घेऊन रेषेजवळ आला, तर हेच ओरडले, "ए, रेषेच्या मागं! दिसत नाय का चुना?"

आता ड्युटी नसली की येतात. उडवत नाहीत. रेषा सांभाळतात.

*

दिलीपचा किस्सा खरं तर हसण्याचाच आहे. त्याने काकांसाठी एक पंख रंगवायला नेला. कारखान्यात आधीच घाई, सगळीकडे अर्धे रंगवलेले गणपती. त्याने सवयीने स्प्रे उचलला आणि मारला. त्यातल्या थिनरने थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळला. पंखाची जाळी झाली.

काकांनी ती जाळी उचलून उन्हात धरली. "दिलीप," ते म्हणाले, "आम्ही आधी रंगवतो, मग विसर्जन करतो. तू दोनी एकदमच उरकलंस."

दिलीपने चूक भरून काढायची म्हणून दुसरा पंख केला, पाण्याच्या रंगाने रंगवला आणि विमानाच्या नाकावर दोन डोळे काढले. गणपतीचे डोळे तोच आखतो. त्याचं म्हणणं, आखणी झाल्याशिवाय मूर्ती कारखान्यातून हलत नाही, मग विमान तरी का हलावं? डोळे इतके जिवंत निघाले की आम्ही सगळे वाकून बघत होतो.

काकांनीही निरखून बघितलं आणि विचारलं, "एकच का रे काढलास?"

दिलीप हसला. त्याला वाटलं, चेष्टा आहे. काकांनी मान थोडी तिरकी केली. "नाय, नाय. हाय दुसरा."

मी डॉक्टर दातांची, पण एवढं मलाही कळलं. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना पनवेलला नेलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग, आणि तो वाढणार. कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल. परतताना गाडीत काका एकेक डोळा झाकून बाहेर बघत होते. वडखळ आलं तेव्हा म्हणाले, "बगळी अर्धी झालीय गो."

*

बगळी म्हणजे त्यांचं मोठं ग्लायडर. सलीमच्या टेम्पोतही तिरकं घालावं लागेल एवढे लांब पंख, बाल्साच्या हलक्या लाकडाच्या फासळ्या, वर पांढरं कापड. मोटर फक्त वर चढण्यापुरती. नंतर ती बंद करायची आणि हवेवर राहायचं.

हवेवर राहणं म्हणजे काय, ते त्यांनी मला आधी एका लहान ग्लायडरवर दाखवलं होतं. थंडीतली दुपार, तापलेलं मिठागर, वर तीन घारी पंख न हलवता गोल फिरत होत्या. काकांनी मोटर बंद केली आणि ग्लायडर त्यांच्या खाली नेलं. ते वर चढायला लागलं. मोटर बंद, पंखा मिटलेला, आणि चढतंय! ठिपक्याएवढं झालं, घारींच्या बरोबरीला गेलं. एक घार जरा सरकली आणि तिने त्याला जागा दिली. मी तोंड उघडं टाकून बघत होते. पेशंट उघडतात तसं.

"आपण नाय चढवला," काका म्हणाले. "तिथं हवा वर चाललीय. आपण फक्त घारींना पत्ता विचारला."

त्यांना बगळी अशी एकदा उडवायची होती. स्वतःच्या हाताने न्यायची आणि स्वतःच्या हाताने उतरवायची. दुसरं काही त्यांनी कधी मागितलं नाही.

पण बगळी हळूहळू होत होती आणि डाग भराभर. एका रविवारी काका लहान विमान उडवत होते आणि आम्ही तिघे मागे उभे. त्यांना "कुठे?" विचारायची कुणाची हिंमत होईना.

"विचारत का नाय?" काका न वळता म्हणाले.

दिलीपने विचारलं. हळूच.

काकांनी डोळे बारीक करून आभाळात शोधलं. गळ्यातला पट्टा काढला आणि रिमोट सलीमकडे दिला. सलीमने विमान उतरवलं आणि तोंड धुवायला म्हणून बाटली घेऊन बराच लांब गेला. त्यानंतर काकांनी एकही विमान उडवलं नाही. बगळीचं उरलेलं काम मात्र बोटांनी चाचपून पूर्ण केलं.

*

बगळी पहिल्यांदा उडाली त्या सकाळी काकांनी रिमोट माझ्या गळ्यात घातला. "तुझा हात हलका हाय. दाढेत बघितलाय मी." ते माझ्या शेजारी उभे राहिले. सलीमने धावत जाऊन बगळी फेकली. ती चढली. मी मोटर बंद केली.

इतकं देखणं काही मी माझ्या हातांनी केलेलं नाही. ती मिठागरावरून आवाज न करता वळत होती आणि मी काकांना सगळं सांगत होते. आता डावीकडे, आता खाडीवर, आता ऊन पंखातून आरपार दिसतंय, फासळ्या मोजता येतील. काका हसत होते. मान मात्र त्यांनी दुसरीकडेच, डोंगराच्या बाजूला फिरवलेली. त्यांना काही दिसत नसणार, म्हणून मी आणखी सांगत राहिले.

आणि बगळी सूर्यात शिरली.

सगळं पांढरं झालं. डोळ्यांतून पाणी आलं. हातात रिमोटच्या काठ्या आहेत आणि आभाळात काही नाही.

"कुठे?" दिलीपने मागून विचारलं. सवयीने.

"दिसत नाही," मी म्हणाले. "सलीम?"

"मला पण नाय."

"हवालदार?"

तेही डोळ्यांवर हात धरून उभे होते.

"उजवी," काका म्हणाले. मान तशीच डोंगराकडे, बगळी डोळ्याच्या कडेला. "उजवीच वळतेय. नाक खाली चाललंय. ओढू नको, जरा सोड."

मी सोडलं. मग पट्टा गळ्यातून काढला आणि रिमोट त्यांच्या हातात दिला. यात माझा मोठेपणा काही नाही, नियमच तसा आहे. काका क्षणभर नुसते धरून उभे राहिले, मग दोन्ही अंगठे आपापल्या जागी गेले.

बगळी सूर्यातून बाहेर आली, तशी आम्हाला सगळ्यांना दिसायला लागली. ती सरळ होती. कुणीही रिमोट परत मागितला नाही, पण दिलीप विचारत राहिला. "कुठे?" "डावी." "कुठे?" "उजवी." "कुठे?" "सरळ. घरी चाललीय." एकदाही चुकलं नाही. हवालदारांनी रेषा तपासली. पुढे सगळं मिठागर मोकळं होतं.

ती खाडीवरून वळली, बांध ओलांडला, खाली आली, आणखी खाली आली. दिलीपचं विचारणं थांबलं होतं. पांढऱ्या, भेगाळलेल्या जमिनीवर तिचं पोट टेकलं, ती थोडी घसरली आणि एक पंख हळूच खाली ठेवून थांबली, पांढऱ्यावर पांढरी.



काकांचे अंगठे अजून काठ्यांवरच होते. त्यांनी मान डोंगराकडून माझ्याकडे वळवली.

"उतरली का गो?"