उजवा की डावा

कौमुदी इखारने अकरा वर्षं डोळ्यांच्या आजारांना आकडे दिले, पण आजारी डोळा जवळून असा कधी पाहिलाच नव्हता. रक्त दिसलं की तिला भोवळ यायची. म्हणून तर नर्सिंग अर्धवट सोडून ती रायपूरच्या एका खासगी डोळ्यांच्या दवाखान्यात, तळमजल्यावर विम्याचे कोड लिहायला बसली. वडील रेल्वेत, वर्ध्याहून बदलीवर इथल्याच गुढियारी भागात आलेले. पोरगी टेबल-खुर्चीच्या कामाला लागली, यातच त्यांना समाधान.

त्या सकाळी लता नावाच्या बाईची फाइल आली. डोळा खोबणीत जागेवरून सरकलेला. कोड कौमुदीला तोंडपाठ होता. त्यातला शेवटचा आकडा तेवढा उजवा की डावा ते सांगायचा. पण एका कागदावर उजवा लिहिलेलं, दुसऱ्यावर डावा. डॉक्टर भार्गव थिएटरमध्ये, वॉर्डातला फोन कोणी उचलेना, आणि दुपारी लताचंच ऑपरेशन. कौमुदीने फाइल उचलली आणि जिना चढली.

खिडकीपाशी पस्तिशीची बाई बसली होती. पंडरीच्या कापडबाजारात साड्यांना फॉल लावणारी. तिचा उजवा डोळा कानशिलाकडे, खालच्या अंगाला उतरला होता, कुणी अंगठ्याने हळूच सारावा तसा. कौमुदीने खाटेची दांडी घट्ट धरली.

"बसा ना दीदी," लता म्हणाली. "दोघीही बसा."

"दोघी?"

"मले दोन दिसून राहिल्या तुम्ही. एक इथं, एक जराशी वर. आठ महिने झाले. आधी हात लावून खरी साडी कोणती ते पाहतो, मंग टाका घालतो."

"त्या डोळ्यानं दिसते तुले?"

लताने डावा डोळा तळव्याने झाकला आणि कौमुदीच्या गळ्यातलं कार्ड वाचलं. नाव, हुद्दा, खालची बारीक अक्षरंसुद्धा. भोवळ येईल म्हणून धरलेली दांडी कौमुदीच्या हातून कधी सुटली, तिलाही कळलं नाही.

थोड्या वेळाने डॉक्टर आले. दोन्ही कागद पाहून त्यांचा चेहरा उतरला. लताला तपासून त्यांनी चुकीच्या कागदावर काट मारली, सही केली. "बरं झालं तुम्ही वर आलात," म्हणाले, आणि फाइलमधला स्कॅनचा फोटो उजेडात धरला. नाकाशेजारच्या पोकळीत पाणी साचून पिशवी फुगली होती, तिने डोळ्याला बाजूला रेटलं होतं. मागची नस ताणलेली, तरी तुटली नव्हती.

"नाकातूनच जाऊ. चेहऱ्यावर टाकासुद्धा पडणार नाही."

ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी लता तपासणीला आली, तेव्हा कौमुदी हातातलं काम टाकून वर गेली. पापणीवर थोडी सूज होती, पण डोळा जागेवर होता.

"कसा बसवला?" कौमुदीने डॉक्टरांना विचारलं.

"आम्ही नाही बसवला," डॉक्टर म्हणाले. "वाट मोकळी केली. तो आपला आपण आला."

कौमुदी पाहतच राहिली. लताला हसू आलं.

"काहून अशा पाहून राहिल्या, दीदी?"

"पाहू दे वं थोडं," कौमुदी म्हणाली, आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसली.