छकड्यावर चिकटलेला स्पॅनिश गडी

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी मोटरसायकल शर्यत मी पाहिली ती शंकरपटात, आणि तिच्यात मोटरसायकल एकही नव्हती.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी चिखल्याच्या मँगनीज खाणीच्या वर्कशॉपात फिटर होतो. आमच्या इंजिनिअर साहेबांचा मेहुणा विलायतेतून मोटरसायकलच्या शर्यतींचं एक मासिक पाठवायचा. ते बोटीनं यायचं, त्यामुळे पावसाळ्यातली शर्यत माझ्यापर्यंत थंडीत पोचायची. साहेबांचं वाचून झालं की ते माझ्याकडे. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायचो आणि दुसऱ्या दिवशी लेथपाशी उभा राहून सगळ्या वर्कशॉपाला सांगायचो, आवाज चढवून, हातवारे करून, मध्येच तोंडानं इंजिनाची घरघर काढून. फोरमन म्हणायचा, "या गाडीले ब्रेक लावा रे कोणी."

त्या मासिकात मला एक स्पॅनिश गडी सापडला. शर्यतींतल्या सगळ्यात लहान गाड्यांच्या वर्गात पळायचा. गाडी एवढीशी की पोस्टमास्तरांच्या मोपेडला तिच्याशेजारी ऐट आली असती. पण वळणावर हा माणूस असा कलायचा की गुडघा रस्त्याला टेकतोय असं वाटावं. पहिल्या वर्षी तो पडला, हासळीचं हाड मोडलं. दुसऱ्या वर्षी जगात दुसरा. तिसऱ्या वर्षी पुन्हा दुसरा! मी डिक्शनरी आपटून मिटली. चौथ्या वर्षी मात्र गणित जमलं होतं. शेवटची शर्यत जिंकली की जगज्जेता. तो अंक तिथेच संपला.

पुढच्या अंकाची वाट मी जितकी पाहिली तितकी लग्नाच्या होकाराचीही पाहिली नाही. आणि नेमकी तेव्हाच साहेबांची बदली झाली. अंक आला तो सामान बांधायच्या दिवशी. साहेबांनी तो ड्रायव्हरच्या हातात दिला, "वर्कशॉपात त्या बोलघेवड्याला दे." ड्रायव्हर निघाला होता सुट्टीवर, दिघोरीला, मामाच्या शंकरपटासाठी, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीसाठी. त्यानं विचार केला, आल्यावर देऊ. अंक पिशवीत टाकला नि गेला.

हे कळताच मी रजा टाकली आणि एसटी धरली. चिखला जिल्ह्याच्या वरच्या टोकाला, दिघोरी पार खाली लाखांदुराकडे. तीन गाड्या बदलून, धूळ खाऊन पोचलो. ड्रायव्हरनं हसतहसत अंक हातात दिला. मी शेवटच्या शर्यतीचं पान काढलं. पानच नव्हतं. कात्रीनं नीट कापलेलं.

"पान कुठंय?"

"मामानं घेतलं ना, भाऊ. फोटो लय आवडला त्याले."

मामा म्हणजे धुरकरी, पटात बैलजोडी हाकणारा. मागल्या वर्षी भर पटात त्याचा छकडा उलटला होता, आणि वर्षभर गाव त्याला त्यावरून छळत होतं. अंकात त्यानं माझा स्पॅनिश गडी पाहिला, रस्त्याला टेकेपर्यंत कललेला आणि तरी न पडलेला. मामानं ते पान थेट छकड्याच्या पाटीवर चिकटवलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला.

निकाल पानाच्या मागल्या बाजूला होता. फोटोखाली तसं छापलंच होतं: निकाल मागे पाहा. आणि मागे होती भाताची खळ. आमच्या भागातला चिकट भात शिजवून केलेली खळ म्हणजे काय, ते त्या खळीनं ज्यानं पतंग चिकटवलाय त्यालाच कळेल.

मी खांद्यावरचा दुपट्टा ओला केला, एक कोपरा हळूच भिजवला. नखभर कागद उचलला गेला. मागे दिसली टायरची अर्धी जाहिरात. तेवढ्यात मामी ओरडल्या.

"हात नोका लावू, बापू! कुकू लागलं त्याले!"

"मामी, फक्त मागचं वाचायचंय."

"पट होईस्तोवर नाही. तुमी काहून अपशकून करून राहिले?"

मामा शांत होता. म्हणाला, "बाबू, जोडी हारली तं मी स्वतः काढून देतो. मंग त्याचा काय उपेग? जितली तं मात्र तो तिथंच राहीन."

आता माझी पंचाईत पाहा. ज्यांच्या घरी जेवलो, ज्यांनी पाहुणा म्हणून पाटावर बसवलं, त्यांची जोडी हरावी म्हणून मी मनातल्या मनात धावा करत पटावर उभा! मुद्दाम समोरच्या जोडीवाल्यांच्या गर्दीत जाऊन उभा राहिलो.

झेंडी पडली. दोन्ही जोड्या सुटल्या. अर्ध्यावर मामाच्या छकड्याचं एक चाक ढेकळावर चढलं आणि छकडा कलला, अगदी फोटोतल्यासारखा. उलटला असता तर माझं पान सुटलं असतं. आणि मी, हा शहाणा, काय ओरडलो?

"सांभाळ रे! सांभाळ! सोडू नको!"

कोणाला ओरडलो, मामाला की त्या दूरच्या गड्याला, देव जाणे. चाक खाली आलं. जोडी जिंकली. माझा घसा बसला तो वेगळाच.

गुलालानं माखलेल्या मामानं मला मिठी मारली. "तुमचा माणूस लय शुभ हाय! तिकडं जितला का नाही तो?"

"ते त्याच्या पाठीमागं लिहिलंय, मामा."

मामानं पाटीकडे पाहिलं. "मंग राहू द्या. जितला असन तं आपल्यावानीच जितला. हारला असन तं त्याले कायले उघडं पाडता?"

मी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि परतीची एसटी धरली.

पुढच्या वर्षी पुन्हा गेलो, जोडी हरेल या आशेनं. छकड्याला नवा ऑइलपेंट दिला होता, पानाच्या कडेकडेनं, जपून. मी पुन्हा समोरच्यांच्या गर्दीत उभा राहिलो. झेंडी पडली आणि पुन्हा मीच सगळ्यात मोठ्यानं ओरडलो. जोडी पुन्हा जिंकली.