मातीच्या पावलांचा पुतळा

बाबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीने आम्हाला पंगतीतून उठवलं. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्याकडे पुतळा होता.

सालेकस्याकडच्या आमच्या मातीच्या घरात तो भिंतीवर टांगलेला असे. एका फिरत्या प्रचारकाने दिलेलं ते कापडी चित्र. बाबेलच्या राजाला स्वप्नात दिसलेला पुतळा: डोकं सोन्याचं, छाती चांदीची, पोट पितळेचं, पाय लोखंडाचे आणि पावलं लोखंड-मातीची. रविवारी चार घरची माणसं प्रार्थनेला जमली, की बाबा बैल हाकायच्या तुतारीने एकेक राज्य दाखवत. बाबेल, पारस, ग्रीस, रोम. तुतारी पावलांवर आली की आवाज चढे.

"लोखंड अन् माती एक होते का कधी? मंग हे आघाडीचं सरकार कसं टिकन? पावलं म्हंजे आपलाच जमाना. आता सपनातला दगड येते, पावलांवर पडते, सारं चूर करते, अन् देवाचं राज्य लागते."

हे १९९९ साल. त्याच वर्षी धानाच्या रोवणीत मायच्या ओळी वाकड्या जाऊ लागल्या. दाराच्या चौकटीला खांदा आपटे. मी तिला गोंदियाला नेलं. डॉक्टर म्हणाले, "काचबिंदू है. जो नजर गई, वो वापस नहीं आएगी. जो बची है, उसे बचाओ." रोज थेंब घालायचे आणि लवकर ऑपरेशन करायचं.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "कायले कापता डोरे? दोन हजार साल लागलं का राज्य येऊन राहिलं. नव्या देहात डोरे बी नवे."

गोंदियाहून अधूनमधून येणारे चर्चचे पाळक हे ऐकून चिडले. औषध बंद करायला देवाने भविष्यवाणी दिलेली नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. बाबांनी त्यांनाच कच्च्या विश्वासाचं ठरवलं. आणि माय? मला तिचाही राग येतो. "तुह्या बाबाचं खरं असलं तं?" म्हणत तिने थेंबांची बाटली फळीवर ठेवून दिली.

नवं साल लागलं. सकाळी बाबा अंगणात उभे राहून आभाळ पाहत होते. समोरून धानाचा ट्रॅक्टर राइस मिलकडे गेला, रोजच्यासारखा. बाबांनी राज्य थोडं पुढे ढकललं. असं ते काही वर्षं ढकलत राहिले, तोवर मायला दिवस काय नि रात्र काय, सारखंच झालं. मग मात्र त्यांनी तुतारी टाकली. तिला हाताला धरून बांधावर नेत, ताटात भाजी कुठे, वरण कुठे ते सांगत. लोक त्यांना देवमाणूस म्हणत आणि माझ्या अंगाचा तिळपापड होई.

पुढे एका पावसाळ्यात मी माहेरी गेले होते. रविवार होता. भिंतीला वाळवी लागली होती आणि तिने चित्राचा खालचा भाग खाऊन टाकला होता. मायला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती भिंतीशी गेली आणि कापडावरून वरून खाली हात फिरवू लागली. सोनं, चांदी, पितळ, ती पुटपुटत होती. तिला सगळं पाठ होतं. पितळेखाली तिच्या हाताला नुसती भिंत लागली.

"अवो, पाय कोठी गेले?"

बाबा खाटेवर बसले होते. तिथूनच म्हणाले, "गेले."

मायचा चेहरा क्षणभर उजळला. "मंग दगड आला?"

बाबा उठले आणि त्यांनी तिचा हात धरला.

"मंग मले काऊन दिसत नाही?"