कानडी न येणारी सून

मी उदगीरची, दिलेली बीदरकडच्या मन्नाएखेळ्ळीला. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी विचारलं, "कानडी येती का गं?" तेव्हा खरंच येत नव्हती, न्हाई म्हणाले. पुढं वर्षभरात दारावरच्या भाजीवालीनं आणि टीव्हीनं ती शिकवली, पण घरात मी पत्ता लागू दिला नाही. कशाला देऊ? माझ्यापासून काही लपवायचं असलं की सासूबाई आणि माझा नवरा, दोघं मायलेक मराठी सोडून कानडीत शिरायचे आणि मला सगळं आयतं ऐकायला मिळायचं. तोंडावर "भाजी करपवलीस" म्हणणारी ही बाई कानडीत लेकाला सांगायची, "हुडुगी छलो अदाळ." पोरगी चांगली आहे! तेवढं ऐकायला मिळावं म्हणून मी आणखी दोन वर्षं ठोंब्यासारखी बसून राहिले.

धाकट्या नणंदेची रविवारी बीदरला बँकेची परीक्षा होती. इंग्रजी मी घ्यायची. गुरुवारी दुपारी शब्द आला, ट्रेचरस. पुस्तकात उदाहरण बर्फाळ रस्त्याचं.

"वहिनी, बर्फ कुणी बघितलाय? आपल्याकडचं सांगा की."

मी म्हणाले, "पावसानंतरचं काळं रान बघ. वरून वाळलेलं दिसतंय, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. तसला धोका."

"आन् माणसाला लावतेत का?"

"व्हय, माणसालाच जास्त. गोड बोलून पोटात दुसरंच ठेवणारा."

तिनं ते वहीत नीट उतरवून घेतलं. मी पटकन पान उलटलं. कारण त्याच सकाळी मी कणीक मळत असताना, माझ्यासमोरच, मायलेकांनी कानडीत ठरवलं होतं: शनिवारी दर्शन म्हणून पोरीला गाणगापूरला न्यायचं, लॉजवर मुक्काम करायचा, रविवारी सकाळी तिथं मुलाकडचे येऊन बघून जातील. परीक्षा काय, परत येईल. तिला मात्र शनिवारीच संध्याकाळी परतायचं असं सांगितलं, म्हणून ती बिचारी तयार झाली होती.

सांगावं तर मी तीन वर्षं कान लावून बसलेली ठरणार. न सांगावं तर पोरीचं वर्ष जाणार. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. दूध उतू गेलं, कपडे दोनदा धुतले. नवऱ्यानं विचारलं, "काय होयलंय तुला?" त्याच्याकडं बघायचीही चीड येत होती, आणि स्वतःची त्याहून जास्त.

शनिवारी सकाळी दारात जीप आली. सासूबाई पिशवी बांधत लेकाला हळूच म्हणाल्या, तिची अभ्यासाची वही घरातच ठेव, तिथं रडारड नको. कानडीतच म्हणाल्या, मी हातभर अंतरावर. माझ्या तोंडून निघून गेलं, "आकिगे मोदल हेळ्री." तिला आधी सांगा.

नवऱ्याच्या हातातली वही खाली पडली. नणंदेनं एकदा आईकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि मग गाणगापूरचा बेत आणि माझी कानडी, दोन्ही तिला उमगलं. सासूबाई तिथंच पिशवीवर बसल्या. "तीन वरीस?" त्या म्हणाल्या. "माझ्या चुलीपाशी बसून तीन वरीस ऐकायलीस?" मला वाटलं होतं शिव्या देतील. त्या रडायला लागल्या. ते मला सोसलं नाही.

गाणगापूर राहिलं. रविवारी नवराच तिला बीदरला घेऊन गेला.

ती परतली तशी मी धावत गेले. "पेपर कसा गेला गं?"

"चांगला गेला." चप्पल काढून ती उभीच राहिली. "वहिनी, दिवाळीत मी आईपाशी रडून कानडीत सगळं सांगत होते. तुम्ही तिथंच भाजी निवडत होता. ते पण कळलं होतं?"

"व्हय," मी म्हणाले.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. इतके दिवस ती माझ्या मांडीला मांडी लावून मैत्रिणींशी कानडीत बोलायची. आता फोन घेऊन ती गच्चीवर गेली आणि जाताना दार ओढून घेतलं.