श्यामरावांचं लाल पेन

तात्यापारा या आमच्या हिंदी मुलखातल्या मोहल्ल्यात, आमच्या समोरच्या घरात श्यामराव मास्तर राहतात. शाळा सुटून वीस वर्षं झाली, पण खिशातलं लाल पेन सुटलं नाही. लग्नपत्रिका आली की आधी दुरुस्त करतात, मग तारीख बघतात. त्यांचा नियम: इंग्रजी वाक्याचं पहिलं अक्षर मोठं, म्हणजे कॅपिटल. माणसाचं नाव, गाव, वार, महिना यांचंही मोठं. बाकी लहान. माझ्या लेकीनं, इरावतीनं, त्यांच्याकडेच हे गिरवलं. एकदा तिनं वाक्याच्या मधोमध आंब्याला 'बडी एबीसीडी' लावली, तर मास्तरांनी वहीकडे असं पाहिलं, जसं ताटात झुरळच निघालं.

"आंबा काय तुझा मामा लागते?"

आमच्या मंडळाची गणपतीची स्मरणिका पाच वर्षांपासून इंग्रजीत निघते, कारण पोट्टे मराठी समजतात, वाचत नाहीत. प्रूफ मास्तर बघतात. यंदाचं प्रूफ घेऊन ते माझ्याच ओट्यावर बसले होते. पदाधिकाऱ्यांची नावं अख्खीच्या अख्खी मोठ्या अक्षरांत, दुकानाच्या पाटीसारखी. अकराव्या पानावर महाप्रसाद: पुरणपोळी, मोदक, मसालेभात, प्रत्येकाला मोठं अक्षर. तळाशी एक ओळ, स्वयंपाकासाठी सुशीलाचे आभार. तिचं नाव तेवढं लहान अक्षरानं.

"शी," मास्तर म्हणाले. "पोळीले मान आहे, करणारीले नाही."

सुशीला बावीस वर्षं मंडळाचा स्वयंपाक करते. एकदा झालं असतं तर चूक म्हटली असती. पण मास्तर दरवर्षी तिथं लाल खूण करत, आणि सचिव यशोधन दरवर्षी 'डिझाइन बिगडता है' म्हणून ती ओळ तशीच सोडायचा. माझं तोंड कडू झालं.

यंदा मास्तरांना ऐंशीवं लागलं म्हणून मंडळानं त्यांचा सत्कार ठरवला होता. त्यांनी यशोधनला बोलावून बजावलं, "हे पान नीट छापलं, तरच शाल घेईन."

"हव काका, हो जाएगा. टेन्शन मत लो."

सत्काराच्या दिवशी मांडवात अंक आले. मास्तरांनी थेट अकरावं पान उघडलं. तसंच होतं. उंदराची शेपटी धरावी तसा त्यांनी तो अंक दोन बोटांत धरला. मग वाटायचा राहिलेला गठ्ठा उचलून, आम्ही बायका पत्रावळी पुसत होतो तिथं मागे येऊन बसले, आणि पेन काढलं. अंक उघडायचा, अक्षर मोठं करायचं, मिटायचा.

माइकवर त्यांचं नाव दोनदा पुकारलं. यशोधन धावत आला.

"काका, चलो ना. अध्यक्ष शाल लेके खड़े हैं."

"त्यालेच पांघरव. त्याचं नाव मोठं आहे."

"एक अक्षर के लिए इतना?"

"एकच होतं. तेही तुझ्याच्यानं झालं नाही."

यशोधननं खांदे उडवले, परातीतला एक मोदक तोंडात टाकला आणि चावत चावत गेला. मोदक सुशीलाचाच.

सुशीला पदराला हात पुसत आली. "काय करून राहिले, काका?"

"तुझं नाव नीट करून राहिलो."

तिनं एक अंक घेतला. आठवी शिकलेली आहे ती. अकरावं पान पाहिलं, मग पानं मागे उलटून पदाधिकाऱ्यांचं पान पाहिलं.

"यशोधन भैयाचं आडनाव आहे इथं. त्याच्या बापाचंही नाव आहे. माझं कुठं आहे? मी बावणे आहे ना. पाच वर्षं पेन फिरवलं तुम्ही, तुमाले नाही दिसलं?"

इरावतीच्या वहीकडे पाहिलं होतं ना, अगदी तसंच मास्तर आता आपल्याच लाल खुणांकडे पाहत होते. साठेक अंक झाले होते.

"शी," ते हळूच म्हणाले. मग झालेल्यांतला सगळ्यात खालचा अंक ओढून पुन्हा उघडला. "बाई, तू इंग्रजीत बावणे कसं लिहितेस?"

सुशीलानं त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि तिथंच सतरंजीवर मांडी घातली.

"दीदी," ती मला म्हणाली, "पानं तुम्ही वाढा."

मी वरणाची बादली उचलली.